ठाण्यातल्या जुन्या घरांची नोंद कशी करावी

ठाणेकराला गावातल्या जुन्या वास्तू विचारल्या की कौपिनेश्वर, किल्ल्यातला तुरुंग, रेल्वे स्टेशन आणि टेंभी नाक्याचं सिनेगॉग ही नावं पटकन येतात. या वास्तूंबद्दल लिहून ठेवलेलं आहे, त्यांची छायाचित्रं आहेत, कोणी ना कोणी त्यांची देखभाल करतं. चरई, खारकर आळी, महागिरी, चेंदणी कोळीवाडा, जांभळी नाक्याची पेठ इथल्या घरांचं तसं नाही. कौलारू घर पाडून तिथे सात मजले उभे राहिले की दहा वर्षांनी शेजाऱ्यालाही आधी काय होतं ते धड सांगता येत नाही. ओटी किती रुंद होती, जिना कुठून चढत होता, खांब सागाचे होते की बिडाचे, सगळं मलब्याबरोबर जातं.

मी सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या चरईत आणि आसपास उरलेल्या जुन्या घरांची मापं घेते, नकाशे काढते, घरच्या माणसांशी बोलते. कॉलेजची मुलं सोबत येतात. त्यांना जे शिकवते तेच इथे लिहिते आहे. यासाठी वास्तुविशारद असावं लागत नाही. टेप नीट धरता आली, जुनी अक्षरं वाचायचा धीर असला आणि लोकांच्या घरात अदबीने वागता आलं की पुरतं.

वहीचे तीन रकाने

घरात पाऊल टाकण्याआधी वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखा. पहिल्यात डोळ्यांनी दिसलेलं, दुसऱ्यात कुठेतरी लिहिलेलं सापडलेलं, तिसऱ्यात कोणी सांगितलेलं. या तिघांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. जुन्या वास्तूंबद्दलचे बहुतेक गोंधळ याच सरमिसळीतून होतात: कोणीतरी ऐकलेलं लिहितं, दुसरा ते छापील म्हणून उचलतो आणि तिसरा त्याचा फलक लावतो.

एका घराचं उदाहरण देते. चरईतलंच दुमजली घर. मालकांनी दारातच सांगितलं, "हे घर पेशवाईतलं, ताई." गेलं तिसऱ्या रकान्यात. पावसाळ्याआधीची शाकारणी चालू होती म्हणून उतरवलेली कौलं उलटी करून पाहता आली. त्यांवर मंगळूरच्या बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हे साल. माजघराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर कोरलेलं होतं "शके १८३२". रस्त्याकडच्या सज्जाखाली लोखंडी गर्डर होते आणि रंगाच्या थरांखालून त्यांवर टाटांचं नाव उठून दिसत होतं.

आता हे जुळवायचं कसं? पेशवाई १८१८ मध्ये संपली. कौलावरचं १८६५ हे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. तो शिक्का पुढे कित्येक वर्षं तसाच उमटत राहिला. म्हणजे कौल १८६५ च्या आधीचं नाही इतकंच कळलं, घराचं वय कळलं नाही. शिवाय कौलं बदलली जातात. चौकट मात्र बदललेली दिसत नव्हती: तिचं लाकूड आणि वरच्या तुळईचं लाकूड एकाच जातीचं, एकाच रंधणाचं, सांधाही मूळचा. शके १८३२ म्हणजे इसवी सन १९१०-११. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागलं १९१२ मध्ये, म्हणजे सज्जा त्यानंतर कधीतरी जोडलेला. मग पेशवाईचं काय? ते जोत्याशी, म्हणजे घराखालच्या दगडी चौथऱ्याशी, वाकल्यावर दिसलं. घडीव काळ्या दगडाचं जोतं घरापेक्षा एका अंगाला हातभर रुंद होतं आणि त्या वाढीव दगडांत खांबाची चौकोनी खाच होती. आजच्या घराला त्या खाचेचा काही उपयोग नाही. म्हणजे याच जोत्यावर आधी दुसरं, मोठं घर उभं होतं. ते पेशवाईतलं होतं का हे जोतं सांगत नाही, पण मालकांच्या घराण्यातली आठवण हवेतली नव्हती हे सांगतं. तीन रकाने वेगळे ठेवले म्हणूनच हा उलगडा झाला.

मापं

साहित्य फार लागत नाही: तीस मीटरची टेप, पाच मीटरची लोखंडी टेप, पेन्सिल, चौकटीची वही, टॉर्च, मोबाइल. पेन नको, ठाण्याच्या दमट हवेत शाई पसरते. सोबत एक माणूस हवाच, टेपचं दुसरं टोक धरायला आणि आकडा मोठ्याने परत म्हणायला.

भिंत मोजताना टेपचं शून्य एका कोपऱ्यात ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. दाराची पहिली कड, दुसरी कड, खिडकी, कोनाडा, पुढचा कोपरा असे सगळे आकडे एकाच ओळीत वाचत जा. दार वेगळं, खिडकी वेगळी असं तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्याला थोडी चूक लागते आणि भिंतीच्या टोकाला ती चार बोटं होते. खोलीच्या चार बाजू मोजून झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. जुन्या घरांचे कोपरे काटकोनात नसतात. गल्ली वाकते तशी भिंत वाकते, आणि कर्ण नसला तर ती खोली कागदावर जुळत नाही.

भिंतीची जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीत मोजा. हा आकडा फार बोलका असतो. दगडी भिंत दोन फूट किंवा त्याहून जाड, विटांची भार पेलणारी भिंत चौदा किंवा अठरा इंच, आणि सिमेंटच्या सांगाड्यात भरलेली भिंत बाहेरून नऊ आणि आतून साडेचार इंच. एकाच घरात पुढे साडेचार आणि मागे अठरा सापडले तर तुम्ही दोन वेगवेगळ्या काळांत उभे आहात. उंचीसाठी शिडी नको. जिन्याच्या पायऱ्या मोजा, एका पायरीची उंची मोजा, गुणाकार करा. लाकडी जिना असेल तर पहिली आणि शेवटची पायरी वेगळी मोजा, त्या बहुधा इतरांसारख्या नसतात.

घराचे खण किती तेही लिहा. जुनी माणसं घर खणांतच सांगतात, "आमचं पाच खणी घर" असं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. तो सगळीकडे सारखा आला तर घर एका दमात बांधलेलं, एखादा खण अरुंद निघाला तर नंतर वाढवलेलं असण्याची शक्यता जास्त.

आकडे फूट-इंचांत घ्या की मीटरमध्ये, एकच पद्धत ठेवा. मी फूट-इंच घेते. आमच्या भागातले जुने सुतार त्यातच काम करत होते, त्यामुळे मापं सरळ आकड्यांत येतात आणि एखादा आकडा विचित्र आला तर तिथे काहीतरी बदललं आहे हे लगेच जाणवतं.

घराच्या अंगावरच्या खुणा

छपरापासून सुरुवात करा. नळीची देशी कौलं अजून कुठे दिसली तर त्या दिवशी बाकी सगळं सोडून तेवढीच नोंद करा, ती फार थोडी राहिली आहेत. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. एकाच छपरावर तीन कारखान्यांची कौलं सापडतात, तेव्हा प्रत्येकाचा फोटो घ्या आणि कोणतं कौल कोणत्या पाखीवर, म्हणजे छपराच्या कोणत्या उतारावर, होतं ते लिहा. आढं, वासे, रिपा यांचं लाकूड पाहा. वाशावर नसत्या ठिकाणी खाचा आणि भोकं दिसली तर ते दुसऱ्या घरातून आणलेलं लाकूड आहे. साग महाग होता, जुनं घर उतरवलं की त्याचं लाकूड नव्या घरात जायचं. म्हणून लाकडाचं वय आणि घराचं वय एक धरायचं नाही.

खाली उतरा. दोन मजल्यांच्या मध्ये कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या घातलेलं छत, आहे का? कड्या मोजा, त्यांतलं अंतर लिहा. लाकडी कड्यांऐवजी लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या छोट्या कमानी दिसल्या तर गर्डरच्या मधल्या पट्टीवर टॉर्च तिरपा मारा. तिथे पोलादाच्या कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. विलायती मालावर डॉर्मन लाँग हे नाव अनेकदा भेटतं, देशी मालावर टाटा. कधी गर्डरच्या जागी चक्क रेल्वेचे जुने रूळ वापरलेले असतात. रुळांवरही कारखान्याचं नाव आणि साल असतं, आणि ते साल रूळ तयार झाल्याचं असतं. घर त्यानंतरचं.

गिलावा जिथे आपोआप पडला आहे तिथेच पाहा, स्वतः खरवडू नका. चुना पांढरट असतो, त्यात विटेची भुकटी, कधी कोळशाचे काळे कण दिसतात, बोट लावलं की भुगा येतो. सिमेंट राखाडी आणि कडक. भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे ठाण्यातल्या साध्यासुध्या घरात सिमेंट दिसलं की तो भाग त्यानंतरचा धरायला हरकत नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर तेही लिहा. ओल आत अडकते आणि भिंत फुगते. जुन्या भिंती पडण्यामागे हे मोठं कारण असतं आणि घरमालकाला ते सांगितलं पाहिजे. दुरुस्ती करायची तर चुन्यानेच करा असं मी प्रत्येक घरात सांगून येते.

फरशी, बिडाचे कठडे, खिडक्यांचे गज, झिलमिल्या, छपराच्या कडेची नक्षीदार लाकडी पट्टी या सगळ्यांचे जवळून फोटो घ्या. फोटोत मोजपट्टी ठेवा. मोजपट्टीशिवायचा नक्षीचा फोटो सुंदर दिसतो, पण उद्या कोणाला तशी पट्टी करून बसवायची असेल तर त्याच्या काही कामाचा नाही.

साल वाचणं

ठाण्यात अनेक कालगणना शेजारी शेजारी नांदल्या, त्यामुळे आकडा दिसला म्हणून लगेच इसवी सन समजायचं नाही. शकात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर साधारणपणे ७९. गुजराती व्यापाऱ्यांच्या घरांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करा. पारशी वास्तूवर यझ्दगर्दी सन असतो, त्यात ६३० किंवा ६३१ मिळवा. ज्यू सालातून ३७६० वजा करा, तिशरी महिन्यापासून (सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१. हिजरी वर्ष चंद्राचं आणि लहान, तिथे सरळ बेरीज चालत नाही, पंचांग किंवा मोबाइलमधलं गणकयंत्र वापरा. वहीत मात्र दगडावर आहे तसंच आधी उतरवा आणि रूपांतर बाजूला कंसात लिहा.

बेरजेचा पडताळा घ्यायचा तर ठाणे जिल्ह्यातलीच दोन उत्तम उदाहरणं आहेत. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. त्यावर शके ९३९, म्हणजे १०१७. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखात शके ९८२, म्हणजे १०६०.

पुसट अक्षरं वाचायची असतील तर अंधार पडल्यावर या. टॉर्च समोरून न मारता भिंतीला अगदी लागून, बाजूने धरा. उजेड तिरपा पडला की खाचांत सावल्या भरतात आणि दुपारी कोरी दिसणारी शिळा वाचता येते. मग टॉर्च चारही बाजूंनी फिरवत फोटो घ्या. अक्षरांवर खडू घासणं, तेल लावणं, चुना भरणं, तारेच्या ब्रशने साफ करणं यांतलं काहीही करू नका, दुसऱ्या कोणाला करू देऊ नका. अक्षर लागत नसेल तर तिथे रिकामी चौकट काढा. अंदाजाने भरलेलं अक्षर पुढच्या माणसाला फसवतं.

घरच्यांशी बोलताना

"घर किती जुनं?" असं विचारलं की उत्तर येतं, "शंभर-दीडशे वर्षांचं." ते प्रत्येक घरात येतं. त्याऐवजी माणसाच्या आयुष्यातल्या ठळक गोष्टीला धरून विचारा. "आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हा जिना इथेच होता का?" "गांधीजी गेले त्या वर्षी वरचा मजला होता?" "कोयनेच्या भूकंपाला, १९६७ ला, भिंतीला तडा गेला होता का?" "गडकरी रंगायतन झालं तेव्हा समोर काय होतं?" अशा प्रश्नांना माणूस थांबून आठवतो आणि मग खरं सांगतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजींनी मला घराचं साल काही सांगितलं नाही, पण कोणत्या पावसात मागची पडवी पडली, ती कोणी उभी केली आणि तेव्हा पोटात कोणतं मूल होतं हे सांगितलं. त्या मुलाचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र कपाटात होतं. पडवीचं साल तिथून मिळालं.

कोळीवाड्यात सकाळी जाऊ नका, ती बाजाराची वेळ. दुपारी चारनंतर जा. घरातल्या बाईमाणसांशी आवर्जून बोला. पुरुष बहुतेक घराच्या मालकीबद्दल सांगतात. चूल कुठे होती, पाणी कुठून यायचं, बाळंतिणीची खोली कोणती, हे बायकांना ठाऊक असतं आणि घराचा नकाशा त्यावरच ठरलेला असतो. आवाज मुद्रित करायचा तर आधी विचारा. भाऊबंदकीचा वाद चालू आहे असं दिसलं तर मालकीचा विषयच काढू नका आणि आपण बिल्डरकडून आलेलो नाही हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा. आमच्याकडे हल्ली टेप घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे पुनर्विकासवाला असंच लोक धरून चालतात.

सराव कुठे करावा

कोणाच्या घरात शिरण्याआधी सार्वजनिक वास्तूंवर डोळा तयार करा. मासुंदा तलावाभोवती त्यासाठी सगळं आहे. कौपिनेश्वराचं मंदिर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं, १८७९ मध्ये लोकवर्गणीतून ते वाढवलं, आणि नंतरही भर पडत राहिली. मंडपात उभं राहून कोणता भाग कोणत्या वेळचा असेल ते खांब, छत आणि फरशी पाहून ओळखायचा प्रयत्न करा. गाभाऱ्यात फोटो नको. तलावाजवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी स्थापलेलं. तिथे प्रार्थनेच्या वेळा टाळून जा. टेंभी नाक्याचं शआर हशामाईम सिनेगॉग १८७९ चं. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींची मातृभाषा मराठी, त्यामुळे मराठीत मोकळेपणाने विचारा, पण परवानगी आधी घ्या, डोकं झाका आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ जाऊ नका. मंदिराची वाढ आणि सिनेगॉग एकाच वर्षातली. गावात तेव्हा कोणते गवंडी, कोणते सुतार काम करत होते, दोन्हीकडे एकच हात दिसतो का, हा शोध कोणीतरी घ्यायला हवा आहे.

तिथून तुरुंगाकडे गेलात तर जवळच सेंट जेम्स चर्च लागतं. कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली. तुरुंग म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये आणि क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथे फाशी दिलं. या तटापाशी मी दरवेळी मुलांना थांबवते आणि ही नावं म्हणायला लावते. पण हा चालू तुरुंग आहे. फोटो काढायचे नाहीत, मापं घ्यायची नाहीत. नोंद दुसऱ्या रकान्यातली, जुन्या नकाशांवरून आणि गॅझेटियरवरून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथावरून. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर यासाठी फार उपयोगी आहे. त्यात गावागावांतल्या वास्तूंची माहिती आहे. मात्र ते त्या काळच्या साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचा: किल्ला आणि चर्चला पानंच्या पानं, कोळीवाड्यातल्या घरांना जवळजवळ काही नाही.

स्टेशनाची गोष्ट वेगळी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन तीन इंजिनांनी ओढलेली गाडी ३४ किलोमीटर चालून ठाण्याला आली. आजची स्टेशनची इमारत तेव्हाची नाही. महत्त्व जागेला आणि मार्गाला आहे. अशा ठिकाणी नोंद जागेची करायची: जुना रस्ता कुठून येत होता, आवाराची हद्द कुठवर होती, खाडी किती लांब.

नवी मुंबईच्या वाचकांनी सिडकोच्या सेक्टरांपेक्षा गावठाणांत फिरावं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन शहरासाठी गेली. पण दिवाळे, बेलापूर, सारसोळे, घणसोलीच्या गावठाणांत जुनी जोती अजून आहेत. बेलापूरचा किल्ला १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्याचे अवशेष पाहून झाले की खालच्या गावठाणातल्या जोत्यांशी दगडाची घडण ताडून पाहा.

कोरीव दगड भेटला तर

तलावाकाठी, देवळाच्या मागे, पारावर शेंदूर फासलेले दगड असतात. उभ्या शिळेवर एकावर एक चौकटी, खाली लढाई, वर लिंगपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतील तर तो वीरगळ. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री असेल तर ती गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला शाप देणारी शिळा. शिलाहारांच्या काळातल्या अशा शिळा कोकणात पुष्कळ आहेत. दगड हलवू नका, धुऊ नका. त्याची पूजा होत असेल तर पुजाऱ्याला किंवा आळीतल्या मोठ्यांना विचारूनच फोटो घ्या. ऑइल पेंट लावू नका एवढं मात्र हात जोडून सांगा. पाया खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती असं काही निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मजूर आणि मुकादमांना हे आधीच सांगून ठेवलं तर त्या वस्तू वाचतात.

कागदपत्रं आणि घाई

घराचा सिटी सर्व्हे नंबर आधी मिळवा. त्यावरून मालमत्ता पत्रक ऑनलाइन पाहता येतं. जुन्या नोंदींसाठी नगर भूमापन कार्यालयात जा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या घरमालकाकडेच असतात आणि बांधकाम कधी वाढलं हे आकारणीवरून कळतं. वास्तू वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नसतो, तिसऱ्या श्रेणीत बराच असतो. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हेही माहीत असू द्या.

कामाचा क्रम कसा लावायचा? पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ती यादी हीच तुमची कामाची यादी. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. यांच्या आत अजिबात जायचं नाही. समोरून, बाजूने, समोरच्या गच्चीवरून फोटो घ्या, दर्शनी भागाची मापं रस्त्यावरून जमतील तेवढी घ्या, आणि घर सोडून गेलेल्या कुटुंबाला त्यांच्या नव्या जागी जाऊन भेटा. सी-२ म्हणजे पाडायच्या नव्हे, दुरुस्ती करायच्या इमारती. त्यांत मालकाच्या परवानगीने, दिवसाउजेडी, जमिनीवरच्या मजल्यापुरतं काम करा. तुळईच्या टोकाशी भुसा पडलेला दिसला तर त्या खोलीत पाऊल नको.

घर पाडायला घेतलं असेल तर ठेकेदाराशी बोला. कौलं उतरवण्याचा आणि कडीपाट उघडण्याचा दिवस विचारून ठेवा. एरवी झाकलेले सांधे, सुतारांच्या खुणा, चौकटीमागची तारीख त्या दिवशी उजेडात येते. रस्त्यावर, पडद्याच्या बाहेर उभं राहून दुर्बिणीसारख्या लेन्सने फोटो घेतले तरी पुष्कळ मिळतं.

घरी आल्यावर त्याच रात्री वही स्वच्छ उतरवा, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. फोटोंच्या नावांत आळी, सिटी सर्व्हे नंबर आणि तारीख घाला. नकाशाच्या तीन प्रती काढा. पहिली घरमालकाला द्या, ती त्यांची. दुसरी तुमच्याकडे. तिसरी गावातल्या ग्रंथालयाला, ते स्वीकारतात का हे आधी विचारून. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, तिथून चौकशी सुरू करा. दर्शनी भागाचे फोटो खुल्या परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात. लोक राहत असलेल्या घराचा आतला नकाशा मात्र इंटरनेटवर टाकू नका, आणि घरच्यांची नावं, फोन नंबर त्या प्रतीत ठेवू नका. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा, मोजपट्टी, मापं घेतल्याची तारीख आणि मापं घेणाऱ्यांची नावं लिहा. ज्या खोलीत जाता आलं नाही ती कोरी सोडून तिथे "पाहिली नाही" असं लिहा.